'येते' न म्हणता

बाळांनो, समोरची मरियम्मा आज तिच्या दारात दिसली. परवा तिचे यजमान गेले, तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते आणि मग मुकाट्यानं घरी आले. दुःखाच्या घरातून निघताना आपण 'येते' म्हणत नाही. तिच्या केरळी घरात हे कुणाला ठाऊक असणार?

"ताई, तुम्हीसुद्धा न सांगता उठून गेलात?" ती म्हणाली.

'येते' म्हटलं तर मरण पुन्हा येतं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? इतकी वर्षं आम्ही एकमेकींची कालवणं शिकलो, पण कुणाकडे दुःखात कसं वागतात, ते कधी विचारलं नाही. असं आधी कोण विचारतं?

"चुकलं गं," एवढंच म्हटलं. तिनं मान हलवली आणि दार अगदी हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.