कड्यावरच्या घरांच्या काचा

अदेल्मो स्ब्रानाला ओळखत नाही असा माणूस ओर्विएतोत शोधूनही सापडायचा नाही. एकसष्ट वर्षांचा, ठेंगणा, गळ्यात गाईडचा बिल्ला आणि बारा महिने अंगात तोच तपकिरी कोट. तीस वर्षं तो परक्या लोकांना आमचं गाव दाखवतो आहे. कॅथेड्रलसमोर उभं राहून काय बोलायचं ते त्याला इतकं पाठ झालंय की तोंड पोपांबद्दल बोलत असतं आणि डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार चालू असतो, हे तो स्वतःच हसत सांगतो. गाईडची परीक्षा मात्र तिसऱ्या खेपेला पास झाला. सनावळ्यांनी त्याला दोनदा लोळवलं होतं.

त्याचं घर सान जोव्हेनाले चर्चच्या अंगाला, अगदी कड्यावर. आमचं सगळं गाव मऊ दगडाच्या एका पठारावर उभं आहे आणि वाडवडिलांनी तो दगड आतून इतका पोखरलाय की जितकं गाव वर, तितकंच खाली. अदेल्मोच्या घराखाली तीन मजली तळघर आहे. वरच्या मजल्यावर वाइनची पिंपं, मधल्या मजल्याच्या भिंतींत कबुतरांसाठी कोरलेल्या शेकडो खोबणी, आणि सगळ्यात खाली एक कोरडी खोली, जिची मागची भिंत म्हणजे कड्याचीच पाठ. फेरीचा शेवट तो इथे करायचा. लोक गार हवेत शहारायचे, फोटो काढायचे आणि तळघराबाहेर पडताना त्याचा हात हातात घ्यायचे. तो क्षण त्याला फार आवडायचा.

वर, त्याच घरात, त्याची बहीण इओले राहते. सत्त्याहत्तर वर्षांची. आई गेली तेव्हा अदेल्मो सहाचा होता आणि इओले बावीसची. तेर्नीच्या पोलाद कारखान्यातल्या एका मुलाशी तिचं ठरलं होतं. त्याने म्हटलं, लग्नानंतर तेर्नीला चल. तिने म्हटलं, तूच इकडे ये. तो आला नाही. त्यानंतर तिने ना त्याचं नाव काढलं, ना दुसऱ्या कुणाचं. भावाला वाढवलं, बापाचं शेवटपर्यंत केलं. खाली स्टेशनजवळच्या नव्या वस्तीत लिफ्टवाली घरं झाली तेव्हा अर्धी गल्ली उतरून गेली. इओले खिडकीतून त्यांच्या सामानाच्या गाड्या बघत म्हणाली होती, "जा बाबांनो, जा. मला इथून न्यायचं तर पेटीतून न्या."

आता त्या काचेबद्दल. कड्यावरच्या प्रत्येक घराच्या तळघरात, जिथे दगडाला तडा असतो तिथे, तड्यावर आडवी एक बोटभर रुंदीची काचेची पट्टी बसवलेली असते. दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा आणि त्या ओल्या प्लास्टरवर खिळ्याने कोरलेली तारीख. दगड केसभर जरी सरकला तरी काच तुटते. आणि तुटली की काय करायचं, हे त्या गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक. घरच्या माणसाने काचेला हात लावायचा नाही. सूर्य मावळायच्या आत आधी वर राहणाऱ्यांना सांगायचं, मग दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना, त्यांनी पुढच्यांना. मग गवंडी येणार, बघणार, आणि तो म्हणेपर्यंत त्या घरांत कुणी झोपायचं नाही. कारण घरं वेगळी असली तरी खालचा दगड एकच आहे.

अदेल्मोच्या बापाने बसवलेली काच चाळीसहून जास्त वर्षं टिकली. यंदाच्या फेब्रुवारीत ती तुटलेली त्याला दिसली. तो बराच वेळ कंदील धरून तिथे उभा राहिला. सांगितलं तर माणसं येतील, दाराला पट्ट्या लावतील, इओलेला खालच्या वस्तीत नेऊन ठेवतील, आणि ती तिथे महिनाभरसुद्धा काढणार नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं. त्याने वरून प्लास्टर आणलं, जुन्या खिडकीची काच कापली, नवी पट्टी बसवली आणि त्यावर बापाचीच जुनी तारीख कोरली. तोंडात मिठाची गुळणी धरून जेवायला बसला. इओलेने विचारलं, "हाताला पांढरं काय लागलंय?" तो म्हणाला, "पीठ."

ती पट्टी नऊ आठवडे टिकली. तिच्यानंतरची तीन आठवडे. तिच्यानंतरची सहा दिवस.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी बेर्गामोहून एकतीस माणसांची बस आली होती. बहुतेक निवृत्त मंडळी, टोप्या घातलेली, गप्पिष्ट. अदेल्मोने त्यांना कॅथेड्रल दाखवलं, विहीर दाखवली, आणि अकराच्या सुमाराला नेहमीसारखं आपल्या तळघरात उतरवलं. चौथी काच बसवून चारच दिवस झाले होते. सकाळी त्याने खाली जाऊन ती पाहिली होती, धड होती. मग हरकत काय, असं त्याने स्वतःला समजावलं.

सगळ्यात खालच्या खोलीत एकतीस जणं दाटीने उभी राहिली. त्यांच्यात जेर्वाझिओ नावाचा एक म्हातारा होता. जन्मभर गिलावे केलेला माणूस, बोटं मुळ्यांसारखी जाड. तो इतरांसारखा वर बघत नव्हता. तो काचेजवळ वाकला होता.

"ही केव्हाची म्हणालात, गाईडसाहेब?"

"माझ्या वडिलांच्या हातची. तारीख आहे बघा."

"तारीख आहे खरी," जेर्वाझिओ म्हणाला. "पण चाळीस वर्षांत हिच्यावर धूळ बसली नाही ती?"

लोक हसले. अदेल्मोही हसला. "माझी बहीण या घरात राहते. तिच्यापुढे धुळीची काय बिशाद." लोक आणखी हसले आणि त्या हशातच टिक असा बारीक आवाज झाला. पेल्यात बर्फ टाकल्यावर होतो तेवढाच. कुणाचं लक्ष गेलं नाही. अदेल्मोने काचेकडे पाहिलं नाही, जेर्वाझिओकडे पाहिलं. जेर्वाझिओ त्याच्याकडेच बघत होता.

"चला मंडळी," अदेल्मो म्हणाला, "उशीर होतोय, बस थांबलीय." आवाज त्याचाच होता, पण लोकांना जिन्याकडे वळवताना त्याने एका बाईला पाठीत हात लावून जवळजवळ ढकललं. तीस वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

बाहेर उन्हात आल्यावर तो एकेक डोकं मोजत उभा राहिला. एकतीस भरली. तेव्हाच घरात जाऊन इओलेला सांगायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं. आतून तिच्या रेडिओचा आवाज येत होता. पण तो बसमध्ये चढला. दुपारी द्राक्षमळ्यात जेवण ठरलं होतं, लोक भुकेले होते, संध्याकाळपर्यंत वेळ होता, अशी कारणं तो स्वतःला देत राहिला.

बसमध्ये जेर्वाझिओ त्याच्या शेजारी येऊन बसला.

"वर कोण राहतं म्हणालात?"

"बहीण."

"शेजारी?"

"एका बाजूला एक तरुण बाई आहे, फोस्का. नवरा ट्रक चालवतो. तान्हं पोर आहे. दुसऱ्या बाजूला म्हातारं जोडपं."

"आणि तुम्ही आम्हाला जेवायला नेताय," जेर्वाझिओ म्हणाला.

मळा खोऱ्याच्या पलीकडच्या टेकडीवर होता. तिथून आमचं गाव असं दिसतं की पाहुणे हातातला पेला खाली ठेवतात. तपकिरी कडा, त्यावर घरांची ओळ, मागे कॅथेड्रलची टोकं. लोक फोटो काढू लागले. एका बाईने अदेल्मोला विचारलं, "तुमचं घर कुठलं, दाखवा ना."

त्याने हात उचलला आणि तसाच धरून राहिला. घरांच्या खाली, कड्याच्या तपकिरी अंगावर, पिवळट रंगाचा एक ताजा डाग होता. पावाचा तुकडा मोडल्यावर आतला पाव दिसतो तसा. मोठा होता. मागच्या आठवड्यात तो तिथे नव्हता. आणि तो एका घराखाली नव्हता. फोस्काच्या घरापासून सुरू होऊन, अदेल्मोच्या घराखालून, म्हाताऱ्या जोडप्याच्या घरापलीकडे गेला होता.

"किती छान रंग आहे," ती बाई म्हणाली आणि तिने त्या डागाचाच फोटो घेतला.

अदेल्मोला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. जेर्वाझिओ मागे उभा होता. "या लोकांना मी सांभाळतो," तो म्हणाला. "तुम्ही निघा." मळेवाल्याच्या खटाऱ्यातून अदेल्मो वर आला. वाटेतल्या प्रत्येक वळणावर त्याने मान वाकवून कड्याकडे पाहिलं.

इओले खिडकीशी मटार सोलत बसली होती.

"इतक्या लवकर? पाहुण्यांनी हाकललं की काय, देल्मो?"

तो उभ्या उभ्याच बोलला. "खालची काच तुटली."

तिचे हात थांबले. "कधी?"

"आज सकाळी."

"आणि त्याआधी?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, लहानपणी साखर चोरल्यावर बघायची तसंच. मग त्याने सगळं सांगितलं. फेब्रुवारी, नऊ आठवडे, तीन आठवडे, सहा दिवस, आज. "तू खाली जगली नसतीस," तो म्हणाला. "तुझ्यासाठी केलं."

"मला विचारलंस?"

"नाही."

"फोस्काचं पोर केवढं आहे?"

"चार महिन्यांचं."

"आणि मी सत्त्याहत्तरची. गणित येतं ना तुला? की त्यातही तीनदा बसायला लागतं?" तिचा आवाज चढला नव्हता. तिने मटाराचं ताट बाजूला ठेवलं, खुर्चीवरचा कोट उचलला आणि अंगात घातला. बाहीत हात जाईना म्हणून तो पुढे झाला तर तिने त्याचा हात झटकला. "अजून ऊन आहे. मला सांगून झालं. आता शेजारी जा. मी चौकात बसते."

इतक्या वर्षांत ती इतक्या सहज त्या दारातून बाहेर पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती मागे वळूनही बघेना. आपल्या भीतीला आपण बहिणीचं नाव दिलं होतं, हे त्याला तेव्हा उंबऱ्यावर उभं असताना कळलं.

फोस्काने दार उघडलं तेव्हा पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"फोस्का, आमची काच तुटली. पोराचं काय लागेल ते घे आणि बाहेर चल. आत्ता."

त्याला वाटलं होतं, ती ओरडेल, शिव्या देईल. ती नुसती पांढरीफटक पडली. "सिन्योर अदेल्मो," ती म्हणाली, "आमची पण तुटली होती. ईस्टरच्या आठवड्यात. ह्यांनी नवी बसवली."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सिन्योरा इओलेला कळलं तर ती हाय खाईल, असं हे म्हणाले. म्हातारं माणूस. आम्हाला वाटलं, आमच्यापुरतंच असेल." पोराच्या डोक्यावर तिने हात ठेवला होता. "तारीख मीच कोरली. जुनीच."

अदेल्मोला तिच्यावर रागावायचा हक्क नव्हता. त्याने फक्त तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला चौकापर्यंत सोडलं, तिच्याच फोनवरून बंबवाल्यांना बोलावलं आणि पलीकडच्या दाराकडे धावला.

तिथे उबाल्दो आणि देर्ना राहतात. दोघंही ऐंशीच्या पुढचे. देर्ना गॅसपाशी होती, पाणी उकळत होतं.

"सिन्योर उबाल्दो कुठे आहेत?"

"तळघरात गेलेत. मघाशीच." तिने पळी तळघराच्या दाराकडे केली. "रोज काहीतरी काढतात तिथे. माणसाला घरात बसवेल तर शपथ."

अदेल्मोने ते दार उघडलं. खालून गार हवा आली आणि तिच्याबरोबर ओल्या प्लास्टरचा वास आला. तो वास त्याच्या स्वतःच्या हातांना तीन महिने येत होता.

"सिन्योर उबाल्दो! वर या."

"येतो रे," खालून शांत आवाज आला. "जरा बाटल्या लावतोय."

"बाटल्या राहू द्या. ती काच सोडा आणि वर या. आमची तुटलीय. फोस्काची तुटलीय. मी पलीकडून कडा बघून आलोय."

देर्ना पळी घेऊन त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. खाली कुठेतरी माती सांडत होती, धान्याच्या पोत्याला भोक पडल्यावर धान्य सांडतं तशी, बारीक आणि न थांबता. मग पावलं वाजली. उबाल्दो जिना चढत आला, एकेका पायरीवर दम खात, दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे.

देर्नाने नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. पंचावन्न वर्षं ती त्याच्याबरोबर त्या तळघराच्या वर झोपली होती, मुलं तिथेच वाढवली होती, सुटीत नातवंडं तिथे येऊन राहायची.

"ही कितवी?" तिने विचारलं.

उबाल्दोने जिन्याच्या कठड्याला धरलं. "सातवी," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

देर्नाने गॅस बंद केला, खुंटीवरची पर्स घेतली आणि नवऱ्याकडे न बघता बाहेर पडली. अदेल्मोने उबाल्दोच्या काखेत हात घातला आणि त्याला दाराकडे ओढलं. त्या ओळीतली अजून पाच दारं ठोठवायची बाकी होती.