नवरदेवाच्या मोटारीचा पाटा

कसं सांगू तुम्हाला! माझ्या बहिणीच्या लग्नाचा विषय निघाला की मी अजूनही पान आणायच्या निमित्तानं उठून जातो. आज बसतो. हसा, पण चहा सांडू नका!

तेव्हा मी पौडच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. स्थितिस्थापकत्व हा माझा हुकमी धडा. सायकलची सीट टेबलावर ठेवून पोरांना सांगायचो, "धक्का बसला की स्प्रिंग दबते, धक्का गिळते आणि पुन्हा मूळ जागी येते. मोटारीतही तेच!" आता मोटारीखाली मी कधी वाकून पाहिलं होतं का? छे! शिकलेल्या माणसानं वाकायचं असतं होय?

लग्नाच्या सकाळी बहीण हळदीच्या अंगानं बसलेली. मुहूर्त साडेबाराचा. तो टळला तर भटजींच्या हिशेबानं पुढचा थेट दोन महिन्यांनी! नवरदेव पुण्याहून टॅक्सीनं निघालेला. नऊच्या सुमारास भुकूमचा दूधवाला सायकलवरून घामाघूम होऊन मांडवात आला.

"मास्तर, नवरदेवाची मोटार भुकूमच्या चढाला बसलीया. डायवर म्हनला, पाटा मोडलाय. दुसरा पाटा घिऊन या, बिगीनं!"

मोटारीत पाटा कशाला? सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. 'मला ठाऊक नाही' हे शब्द त्या काळात माझ्या तोंडून निघत नसत.

"सोपं आहे," मी म्हणालो. "गाडी हलकी असली की स्प्रिंग दबतच नाही, गाडी नुसती उसळत राहते. म्हणून मागे वजन ठेवतात. पाटा ठेवत असतील!"

आमच्या गावचे लोहार सदूबा पुढे आले. "मास्तर, त्यो वाटनाचा पाटा न्हवं. मोटारीखाली लोखंडाचं पाटं आसत्यात, एकावर एक. कोयतं करायला आनलेला एक जुना पाटा हाय माज्याकडं."

"सदूबा, तुम्ही घण मारा. शास्त्र आमच्यावर सोडा!"

काय ती मस्ती! भर मांडवात, वडिलांच्या वयाच्या माणसाला!

आचारी मिरच्या वाटत होता. त्याच्या हाताखालून मी पाटा ओढला, सायकलच्या कॅरिअरला सुंभानं बांधला आणि सुटलो. सात मैल! पिरंगुटच्या अलीकडे एक खड्डा असा आला, की सीटखालची स्प्रिंग टण्णकन तुटली. पुढचा रस्ता मी कसा बसून काढला ते विचारू नका. त्यात पाटा धुवायचा राहिला होता. हे मला धोतरातून कळलं!

एवढ्यात मागून एस.टी. आली आणि मला धुळीत बुडवून पुढे गेली. खिडकीतून कुणीतरी हात केला. लग्नाचा पाहुणा असेल म्हणून मीही केला.

एकदाचा पोहोचलो. बघतो तर मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले. कोणाचे? सदूबांचे! मोडलेल्या पाट्याला आपला लोखंडी पाटा जोडून तारेनं आवळत होते.

ड्रायव्हरनं माझ्या कॅरिअरकडे पाहिलं. "मास्तर, ह्यो कशाला आनलात?"

"वजनाला. गाडी हलकी आहे ना…"

"हलकी?" नवरदेवाचे मामा कडाडले. "अहो, नऊ माणसं कोंबलीत आत! वजनानंच मोडलाय पाटा!"

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तशी गत झाली. मी पाटा सोडून खाली ठेवला.

सदूबा हात पुसत उठले. "चला, बसा. मुहूर्त गावंल." बहिणीचं लग्न त्यांनी वाचवलं. मला रडू यायचंच बाकी होतं. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तर मामांना राहवेना.

"मास्तर, पाटा आणलात ते झकास. पण वरवंटा कुठाय?"

सदूबांनी माझ्याकडे बोट केलं. "त्यो काय, समोर हुबा हाय की!"