वाणात गेलेलं झाकण

बाई आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, मग तळहात उताणा करून विचारायच्या, "कुठलं युरोप?"

समोरच्याने नुकतंच म्हटलेलं असायचं, "आम्हाला युरोपमध्ये प्रोटेक्शन हवंय." केंब्रिजच्या आमच्या पेटंट वकिलांच्या ऑफिसात जो तो हेच म्हणत येतो. तुम्हीही म्हटलं असतं. आमच्या वरिष्ठ वकील असलेल्या बाईंना मात्र त्या शब्दाची ॲलर्जी होती. "पेटंट तपासणारं युरोप वेगळं, त्यात ब्रिटन अजून आहे. डिझाइन नोंदवणारं वेगळं, त्यातून आपण बाहेर पडलोय. नव्या पेटंट कोर्टाचं तिसरंच, त्यात युरोपियन युनियनमधलेसुद्धा सगळे देश नाहीत. म्हणे सगळ्यांचा कायदा एक करणार! माझ्या हयातीत तरी नाही."

बाई नागपूरच्या, मी परभणीकडची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते. इंटरव्ह्यूतही सांगितलं. बाकीचे सभ्यपणे माना हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळले. बाईंनी विचारलं, "मग घरी कायद्याचं कसं समजावतेस?"

"आईला कळेल असं."

"कळतं तिला?"

"कळेपर्यंत सांगते."

त्यावर बाई पहिल्यांदा हसल्या. नोकरी मिळाली.

तेव्हापासून माझा कुठलाही सल्ला वाचायच्या आधी बाईंचा प्रश्न ठरलेला, "आईला सांगितलंस?" अशिलाचं नाव नाही, वस्तू नाही, फक्त कायद्याचा मुद्दा सांगायचा. आई "हं" म्हणाली तर पास, "परत सांग" म्हणाली तर मसुदा परत लिहायचा. ऑफिसातल्या गोऱ्या मंडळींना वाटायचं, परभणीला आमचे कुणी मोठे सल्लागार बसतात.

एकदा लंडनजवळच्या स्लाऊहून एक ताई आल्या. हॉस्पिटलच्या फार्मसीतली नोकरी सोडून त्यांनी मसाल्याचा डबा घडवला होता. पाकळ्यांसारखे कप्पे, आणि झाकण फिरवलं की हवा तो एकच कप्पा कट्कन उघडायचा. हळद जिऱ्यात सांडायची नाही. एक डच कंपनी डबा बनवायला तयार होती. अट एकच, युरोपमध्ये हक्क पक्के हवेत.

बाईंनी डबा हातात फिरवून पाहिला. "कुणाला दाखवलाय का?"

"छे हो मॅडम! कुणालाच नाही. संक्रांतीला हळदीकुंकवात वाण म्हणून दिला, तेवढाच."

बाईंनी चष्मा काढला. पण युरोप विचारलं नाही. "गुपित ठेवा म्हणून सांगितलं होतं?"

"वाण देताना असं कोण सांगतं? आणि आपल्याच बायका हो. मिल्टन कीन्सच्या मैत्रिणींना तर पोस्टानं पाठवला. सगळ्यांना इतका आवडला!"

ताईंचा चेहरा इतका फुललेला होता, की आम्ही दोघींनीही त्यांच्याकडे बघायचं टाळलं. अर्जाआधीच वस्तू लोकांच्या हाती गेली, की इथे पेटंट गेलं. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, पण डच कंपनीला अमेरिकेचं काय? डिझाइनला मात्र तशी सवलत इथेही आहे. वर्ष भरायच्या आत डब्याचं रूप नोंदवता येणार होतं.

"पुढच्या भेटीत तू सांग," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर ती कायदा ऐकेल. तू सांगितलंस तर तिला कळेल. आणि आईला या वेळी डब्यासकट सांग. तो तसाही जगजाहीर झालाय."

आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे झाकणाची करामत आता कुणीही करणार, पण डब्याचं रूप तिचं राहील?"

"हो, लगेच नोंदवलं तर."

"मग आधी झाकणाचं सांग. रडू दे तिला. त्याशिवाय दुसरं काही कानात शिरायचं नाही."

मी तसंच केलं. ताई रडल्या. "नोकरी सोडली हो मी यासाठी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मला घाईघाईनं पुढचं सांगून टाकावंसं वाटत होतं. बाईंनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. थांब. मग ताईंनी स्वतःच डोळे पुसले, डबा जवळ ओढला आणि विचारलं, "काहीच नाही का उरलं?"

"रूप उरलंय," मी म्हटलं. "अर्ज दोन करावे लागतील, एक ब्रिटनचा, एक युनियनचा. फोटो तेच."

दोन्ही अर्ज वेळेत गेले. डच कंपनी झाकणावरून बरीच कुरकुरली, पण पाकळ्यांवर भाळलेली होती, सही केली. पुढच्या संक्रांतीला ताईंनी बाईंना आणि मला आग्रहानं बोलावून डब्याचंच वाण दिलं. बाई म्हणाल्या, "आता वाटा, खुशाल वाटा!"

निवृत्त झाल्यावर बाई फार दिवस जगल्या नाहीत. वाईट बातमी माणसाला कशी द्यायची, आणि मध्ये गप्प कधी बसायचं, हे मी त्यांच्या हाताखाली शिकले. माझं साधं बोलणं इथे लपवायची गोष्ट नाही, हेही. आता अवघड भेटींना ऑफिस मलाच पाठवतं.

माझा डबा मी परभणीला आईला दिलाय. परवा तिला फोनवर एका नव्या कामाचं सांगत होते. "आई, यांना युरोपमध्ये हक्क हवेत," मी म्हटलं. पलीकडे झाकण कट्कन वाजलं, फोडणी चुरचुरली. आईनं गॅस बारीक केला असावा.

"कुठलं युरोप?" तिनं विचारलं.