तात्यांनी मोकळी ठेवलेली जागा

मारुतीतात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीतल्या माझ्या छोट्याशा रेकॉर्डिंग स्टुडिओच्या दारात, चपला हातात घेऊन उभे असलेले. उंब्रजचं त्यांचं भजनी मंडळ अभंग रेकॉर्ड करायला आलं होतं. काम उरकून मंडळी चहाला गेली आणि तात्या मागे रेंगाळले. म्हणाले, "पाव्हणं, माझं एक बारकं गाणं हाय. येळ आसंल तर घ्या, नसंल तर ऱ्हाऊ द्या."

ते गाणं म्हणजे 'पोचलं का गं'. आज ते वाजलं नाही असा मोबाईल आमच्या दोन जिल्ह्यांत शोधूनही मिळायचा नाही. तात्यांच्या शेतीबद्दल, भजनाबद्दल पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी आपलं गाण्यापुरतं बोलतो.

उसाला पाणी पाजताना एक जण पाटाच्या तोंडाशी उभा राहतो आणि दुसरा सरीच्या पार शेवटाला. ऊस डोक्याच्या वर गेला की दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मग अलीकडचा ओरडून विचारतो, "पोचलं का?" पलीकडून "पोचलं" असं आलं, की त्यानं दारं मोडून, म्हणजे पाटाचा मातीचा बांध खोऱ्यानं फोडून, पाणी पुढच्या सरीत सोडायचं. तात्या आणि हौसाकाकूंनी सगळा संसार असाच केला. तात्या हाक गाऊन घालायचे आणि काकू त्याच सुरात उत्तर द्यायच्या. काकू गेल्या आणि तात्यांनी त्या हाकेचं गाणं केलं.

मी त्याला गिटार लावली, मागे हलका ताल धरला. प्रत्येक 'पोचलं का गं'नंतर तात्या थांबत होते, तिथं मी बासरी भरली. आमच्या धंद्यात गप्प जागा म्हणजे चूकच. तात्यांनी ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"तिथली बासरी काढा."

"अहो तात्या, तिथं काहीच वाजलं नाही तर लोकांना वाटेल गाणं अडकलं."

"वाटू द्या. तिथं तिनं बोलायचं आसतंय."

मी बासरी काढली.

गाणं इंटरनेटवर टाकलं आणि लोकांनी नेमकी तीच जागा उचलली. त्या थांब्यात आपापलं उत्तर गाऊन पोरी व्हिडिओ टाकू लागल्या. शिरवळच्या कारखान्यातली एक मुलगी कामाची पाळी सुटल्यावर बसस्टॉपवर उभी राहून गायली. बघता बघता गाणं लग्नाच्या हॉलपासून जिमपर्यंत सगळीकडे वाजायला लागलं. एका मोठ्या कंपनीनं कळवलं, मोकळ्या जागेत नामांकित गायिकेचा आवाज घालू, गाणं देशभर जाईल. तात्या म्हणाले, "जाऊ दे की देशभर. पण तिच्या जागंवर दुसरं कुणी बसवायचं न्हाई." बोलणं तिथंच संपलं. मी काही दिवस तात्यांवर रुसलो होतो, हेही सांगून टाकतो.

म्हणून ते कठोर आहेत असं कुणी समजू नये. पाटणकडच्या एका सुनेनं, तिचे यजमान फौजेत आहेत, उत्तर गाऊन माझ्यामार्फत तात्यांना पाठवलं. आपणहून कुणाला फोन न करणाऱ्या तात्यांनी मला तिचा नंबर लावायला लावला. "पोरी, लय ग्वाड गायलीस. पर मला कशाला धाडतीस? त्येला धाड. ऐकणारं माणूस हाय तवर धाडावं." पलीकडे ती रडत होती आणि तात्या नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते.

कराडच्या कार्यक्रमात तात्यांनी 'पोचलं का गं' म्हटलं आणि अख्खं मैदान एका सुरात ओरडलं, "पोचलं!" तात्यांनी हात जोडले, गाणं पुरं केलं. परतताना गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "येवढ्या माणसांनी ओ दिली, गड्या. लय एकलं वाटलं."

मला वाईट वाटलं.

परवा या लेखाच्या निमित्तानं सकाळीच त्यांच्या रानात गेलो. तात्या एकटेच पाणी पाजत होते. पाणी सोडायचं, बांधावरून चालत शेवटापर्यंत बघायला जायचं, पुन्हा मागे यायचं. या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी! मी विचारलं, "तात्या, मी उभा राहू का पलीकडं?" त्यांनी खोरं बांधावर टेकवलं. मग म्हणाले, "ऱ्हावा."

पँट दुमडून मी उसापल्याड जाऊन उभा राहिलो. समोर नुसती पानं हलत होती. थोड्या वेळानं हाक आली. गाण्यातली नव्हे, साधी. "पोचलं का?"

पाणी पायाला लागलं होतं. मी ओरडलो, "पोचलं, तात्या!" पलीकडून दारं मोडल्याचा आवाज आला.

तात्या आता पंच्याहत्तरी पुरी करत आहेत. त्यांचे गुडघे साथ देवोत, गळा असाच ठणठणीत राहो, आणि त्यांची शंभरीही आम्हीच साजरी करावी, ही मनापासूनची इच्छा. काकूंची जागा मोकळीच राहील. ती भरणारे आम्ही कोण? पण तात्या, पाण्याची पाळी आली की निरोप धाडत जा. पाणी पोचलं, एवढं सांगायला आमच्यातलं कुणीतरी पलीकडे उभं असेल.