अंतरपाट आणि माझा उजवा खांदा

आमच्या भाचीचं लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात, एकाच नवऱ्याशी दोनदा लागलं, आणि त्याला माझा उजवा खांदा कारणीभूत आहे.

आम्ही वडगावचे पॉवरलूमवाले. साड्या विणणं हा धंदा, त्यामुळं घरच्या लग्नातला अंतरपाट आमच्यात दुकानातनं आणत नाहीत. तो घरच्या मागावर विणायचा, मधोमध जरीचं स्वस्तिक काढायचं, आणि नवरीच्या मामांनीच धरायचा, अशी रीत. स्नेहलला मामा दोन, थोरले आमचे अण्णा आणि धाकटा मी. आता दोन टोकं धरून उभं राहायला काय अक्कल लागते, असं वाटेल तुम्हाला. पण आमच्या दाजींना, म्हणजे स्नेहलच्या वडलांना, बहिणी भरपूर, आणि प्रत्येकीनं स्वतःची मंगलाष्टकं रचलेली. एक आत्या सुरू झाली की श्वास घ्यायला थांबत नाही (थांबली तर दुसरी घुसते). तेवढा वेळ हात डोक्याच्या वर पाहिजे. आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जायला तयार नव्हता.

मागाच्या वर नक्षीचा जकार्ड असतो. त्यात हात घालून वर्षानुवर्षं दुरुस्त्या केल्या, त्याचं हे फळ. सदरा घालताना मी असा ओरडायचो की शेजारीण विचारायची, "आज बी अंघोळ झाली वाटतं भावजींची?"

हे खानापूरला, दाजींच्या गावी, कळलं. दाजींचे धाकटे भाऊ मारुतीकाका, म्हणजे स्नेहलचे चुलते, जिमला जातात आणि थंडीतही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतात. त्यांनी फोन केला. "मामा, तुम्हाला जमत नसलं तर काळजी करू नका. अंतरपाटाला मी हायच."

माझं डोकंच फिरलं. लहानपणी स्नेहल सुट्टीला आली की मागाशेजारी बसून धाग्यांच्या रिकाम्या कांड्यांची घरं बांधायची. तिच्या अंतरपाटाचं कापड मी स्वतः विणलं होतं. आणि तो धरणार कोण, तर मारुतीकाका? तिचाही फोन आला. "मामा, तूच धरायचास. मी काकांना न्हाय म्हणून सांगितलंय." झालं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

मी बेळगावात फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी हात सगळ्या दिशांना फिरवून बघितला. "हात वर नेला की खांद्याच्या हाडाखाली स्नायूची दोरी चिमटते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे फणीत धागा अडकतो तसं. मग तोडून गाठ मारायची काय?"

"नको हो. व्यायाम करायचा."

त्यांनी खांद्यावर चिकटपट्ट्या लावल्या, वायरी एका छोट्या मशीनला जोडल्या आणि बटण दाबलं. माझा खांदा आपोआप आवळला, सुटला, परत आवळला. मी नुसता बसलोय आणि खांदा काम करतोय! आयुष्यात इतकं सुख मला कशानं झालं नव्हतं.

"यानं स्नायू जागा होतो," बाई म्हणाल्या, "पण जागं झाल्यावर काम करायला नको का? रोज व्यायाम करा. नुसत्या मशीननं काही होणार नाही." मी जोरात मान हलवली. मान हलवायला खांदा लागत नाही.

व्यायाम सुरू केला. भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात हळूहळू वर न्यायचा. बायकोनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातात ओलं फडकं दिलं. "नाहीतरी भिंत चढालायसाच, तर जरा पुसत चढा." मग काठी दोन्ही हातांत धरून वर उचलायची होती. तिनं काठीच्या टोकाला झाडू बांधला आणि कोळिष्टकं दाखवली. शेवटी रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून ओढायचा होता. मी पट्टा ताणून ओढतोय तोवर पलीकडनं तिनं दार उघडलं. पट्टा सैल पडला आणि मी थेट डाळीच्या डब्यावर जाऊन बसलो.

"दुखलं काय हो?" तिनं विचारलं.

"खांदा न्हाय दुखला."

"मग डाळ गोळा करा."

त्या दिवशी मी व्यायाम सोडला आणि डॉक्टरबाईंना न सांगता मोबाईलवरनं तसलंच मशीन मागवलं. सकाळ-संध्याकाळ पट्ट्या चिकटवायच्या, चहा घ्यायचा, खांदा राबतोय ते बघायचं. अण्णा समोर बसून मशीनकडं बघायचे. त्यांना कुठलीही मोटर दिसली की जोर वाढवावासा वाटतो. "पॉवर वाढव रं. एवढ्याशा करंटवर कांडीबी फिरायची न्हाय." मी वाढवली नाही, एवढं शहाणपण माझ्यात होतं. हात मात्र होता तिथंच होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी अंतरपाट धरून बघितला आणि डोळ्यांत पाणी आलं. मग वाटलं, मशीनच लावून उभं राहिलं तर? खांदा आतनं आवळत राहील, मला फक्त कापड धरायचं. पट्ट्या चिकटवल्या, वर नेहरू शर्ट घातला, मशीन बाजूच्या खिशात टाकलं. त्याच खिशात मोबाईल होता.

मांडवात मधे अंतरपाट, एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला मी. उजव्या हातात वरचं टोक, डाव्यात खालचं. कापडाच्या एका बाजूला स्नेहल, दुसऱ्या बाजूला निपाणीचे जावईबापू. अण्णांनी माझ्याकडं वाकून कुजबुज केली. आता, आमच्या घरात सगळ्यांचा जन्म मागाच्या खडखडाटात गेला, त्यामुळं आमची कुजबुज ही इतरांची हाळी असते.

"मशीन लावलंस काय रं?"

वाजंत्रीवाल्यानं मागं वळून बघितलं. पहिल्या ओळीत बसलेले मारुतीकाका उठून उभे राहिले आणि बाह्या (ज्या नव्हत्याच) वर सारू लागले. मी हसून "व्हय, शिलाई मशीन" असं काहीतरी बरळलो. आजतागायत त्याचा अर्थ मलाही लागलेला नाही.

एक आत्या झाली, दुसरी झाली. खांदा ठणकत होता, पण हात वर होता. तिसरी सुरू झाली आणि माझा मोबाईल वाजला. आचाऱ्याचा फोन, पुऱ्या सोडू काय विचारायला. आत्यानं गाता गाताच माझ्याकडं असं बघितलं की मी डाव्या हातातलं टोक सोडलं आणि खिशावरनंच बटण दाबलं. फोन वाजतोच. परत दाबलं. वाजतोच. मग सापडेल तेच बटण दाबत सुटलो.

ते मशीनचं बटण होतं, पॉवर वाढवायचं. आणि मशीन नेमकं त्या वेळी दोन आवळण्यांमधल्या विसाव्यात होतं, त्यामुळं मला काहीच कळलं नाही.

विसावा संपला. खांदा असा आवळला की हात सटकन आभाळाकडं गेला, अंतरपाट निम्मा वर उचलला गेला आणि जावईबापूंना नवरी आधी पायापासनं दिसली. "अगाई गं," म्हणून मी टोक सोडलं. अंतरपाट खाली.

अंतरपाट खाली म्हणजे लग्न लागलं, एवढं वाजंत्रीवाल्यांना पाठ. त्यांनी दणक्यात सुरू केलं. अक्षतांचा पाऊस पडला, बाहेर फटाके उडाले, आणि सगळा मांडव उठून पंगतीकडं पळाला. भटजी हात हलवून ओरडत होते, "मुहूर्त व्हायचाय अजून, मुहूर्त व्हायचाय!" पण तोवर पहिल्या पंगतीत मीठ वाढून झालं होतं. आणि मोठ्या आत्या, ज्यांची पाळी शेवटची होती, त्या डोळ्यांना पदर लावून उभ्या.

माझी आक्का, म्हणजे नवरीची आई, माझ्याकडं नुसती बघत होती. बायकोनं माझ्या खिशात हात घालून मशीन बंद केलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मारुतीकाका पुढं आले. "द्या हिकडं, मामा. तुमचं झालं आता."

मी पडलेलं टोक उचललं आणि त्यांच्याकडं द्यायला हात पुढं केला.

"काका, थांबा," स्नेहल म्हणाली. "मामाच धरणार."

"अगं, त्येंचा हात वर जाईना."

"कुठवर जातोय मामा?"

मी हात उचलून दाखवला. छातीपर्यंत.

"मग तेवढ्यावरच धर. आम्ही वाकतो." आणि पोरगी खरंच वाकली. पलीकडनं जावईबापूही वाकले. त्यांना दुसरा पर्याय कुणी दिलाच नव्हता.

मला रडू फुटलं. पाहुण्यांना हाताला धरून पंगतीतनं परत आणलं गेलं, काहींच्या हातात पुऱ्या होत्या. मोठ्या आत्यांनी मघाचा सगळा राग गळ्यात आणून मंगलाष्टकं म्हटली, संपली असं वाटलं की पुढचं कडवं काढत. मुहूर्त होईपर्यंत दोघं ताटातलं शोधत असल्यासारखे वाकून उभे. मी आणि अण्णा छातीपाशी अंतरपाट धरून होतो आणि माझा हात एकदाही हलला नाही.

लग्नानंतर मी निमूट डॉक्टरबाईंकडं गेलो आणि सगळं कबूल केलं. त्या हसून हसून खुर्चीवरनं पडायच्या बेतात आल्या, मग म्हणाल्या, "पलीकडच्या खोलीत बसा. आज व्यायाम माझ्यासमोर."

पडदा सरकवून आत गेलो. पलंगावर एकजण पालथा पडला होता, कमरेला चिकटपट्ट्या आणि वायरी लावलेल्या. त्यानं मान वळवून बघितलं.

जावईबापू. "या मामा," ते म्हणाले. "तेवढं बटणाला हात लावू नका म्हणजे झालं."