विचारून येणारी जुलेखाबी

जुलेखाबी कुणाच्याही घरात विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. दार सताड उघडं असलं, तरी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणायची, "आऊँ, बेन?" वाटीभर साखर हवी असली तरी हेच. मी एकदा हसले, तर म्हणाली, "बिना पूछे आने का हक़ एक का ही है, बेटी. मलकुलमौत का." मलकुलमौत म्हणजे अल्लाच्या हुकमानं जीव घेऊन जाणारा फरिश्ता. घरातल्या वडीलधाऱ्याचं घ्यावं, तसं ती अदबीनं त्याचं नाव घ्यायची.

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत ती एकटी राहायची, साड्यांना लेस लावायची. आसपासच्या मुसलमान घरांत एखादी बाई गेली, की तिला शेवटची आंघोळ घालायला जुलेखाबीलाच बोलावणं यायचं. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायची. "मय्यत बोलती नहीं, पर उसे भी लगता है," म्हणायची.

चाळीतल्या बायका तिला वचकून असत, आणि सगळ्यांत जास्त माझी आई. एरवी आई कुणाच्या बापाला भ्यायची नाही, पण जुलेखाबी दिसली की दार लोटून घ्यायची. "ती जठे जास, तठे माणूस मरस," असं आपल्या अहिराणीत पुटपुटायची.

मग सुरतेत प्लेग आला. चाळ बघता बघता रिकामी झाली. आईच्या हट्टामुळे बाबा धाकट्यांना घेऊन धुळ्याकडे गेले. आई तापानं फणफणत होती, म्हणून मी मागे राहिले. उरलेसुरले शेजारी आमच्या दारावरून नाक दाबून जात. मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आऊँ, बेन?"

आईनं डोळे उघडले आणि ती भिंतीला चिकटली. "तू काब्र उनी? माले आंघोय घालाले?"

जुलेखाबी उंबऱ्याबाहेरच थांबली. "मेरा काम तो बाद का है, बेन. पहले वो आता है, फिर मुझे बुलाते हैं. आज मैं पहले आई हूँ. मतलब वो नहीं आया."

आई भिंतीपासून जरा सरकली. मग हळूच म्हणाली, "ये."

ताप मलेरियाचा निघाला. तो उतरेपर्यंत जुलेखाबी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसायची. आईनं भीतभीत विचारलं, जीव न्यायला तो रेड्यावरून येतो का? ती म्हणाली, भल्या माणसाच्या उशाशी बसतो आणि कातड्याच्या मशकीतून पाण्याचा थेंब ओघळावा, तसा जीव अलगद काढून घेतो. "आमनाकडे बी तोच येस का?" "एक ही है, बेन. सबका." त्यानंतर आईनं तिला पाहून दार कधी लोटलं नाही. मला जुलेखाबीचा फार लळा लागला.

पुढे काही वर्षांनी जुलेखाबीनंच अंथरूण धरलं. एका दुपारी आई तिच्या दाराबाहेर थांबली, "येऊ का?" म्हणाली, आणि आत जाऊन तिचा हात धरून बसली. "आज मी पह्यले उनू. म्हंजे तो येवाव नही."

जुलेखाबी हसली. "आज वो आएगा, बेन. तू दरवाज़ा खुला रख."

आईच्या डोळ्यांना धार लागली होती. ती उठली, दार पुरतं उघडलं आणि परत येऊन तिच्या पायांशी बसली. उशाजवळची जागा तिनं मोकळी ठेवली.