ब्रेडच्या पिशवीवरचा भाऊ

...आणि मी त्या फळीवर उभा, गळ्यात टॉवेल, गालभर फेस. हो, काल इथवरच आलो होतो. ज्यांनी काल ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. मागे जायची मला भारी हौस, घरातले सगळे वैतागतात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून होतं. मालकाला सगळे ‘छापखाना’ म्हणत, कारण गिऱ्हाईक नसलं की हा बाबा चित्रं छापत बसायचा. तीसुद्धा ब्लेडच्या वेष्टनावर, औषधाच्या खोक्यावर, फाटक्या छत्रीच्या कापडावर. तळहातात मावतील एवढी. रंग म्हणजे केसांचा कलप, बुटाचं पॉलिश आणि उरलेला चहा. जमिनीवरचे केस डिंकाने चिकटवले की झालं झाड. एका ढगात तर मी माझेच पांढरे केस ओळखले!

छापायची रीतही अजब. दुधाचं रिकामं खोकं उलगडायचं, आतल्या चंदेरी बाजूवर सुईने चित्र ओरखडायचं, रेघांत पॉलिश भरून वरचं पुसून टाकायचं. त्यावर ओलसर कागद, कागदावर फळी, आणि फळीवर गिऱ्हाईक. माझं वजन दणदणीत, त्यामुळे मला तिथे मोठा मान. दाढी राहिली बाजूला, आधी टाचांवर जोर द्या म्हणायचा.

त्याला एक धाकटा भाऊ. तिशी उलटलेली, पण समज पाच वर्षांच्या पोराची. एका दुपारी तो चपला घालून बाहेर पडला तो परतलाच नाही. घरात त्याचा फोटो एकच, शाळेतला. पोलिसांनी तो ठेवून घेतला आणि बघू म्हणाले. छापखाना तीन आठवडे दुकान बंद ठेवून इस्पितळं आणि स्टेशनं पालथी घालत होता. अन्न गोड लागेना, झोप लागेना. मग त्याच्या मनात आलं, ब्रेडची पिशवी घरोघरी जाते. बेकरीवाल्याने कोऱ्या कागदी पिशव्यांचे गठ्ठेच आणून टाकले. याने भावाचा चेहरा आठवणीतून ओरखडला. भुवईत जुन्या जखमेची खाच आणि खाली सलूनचा पत्ता. छाप उलटा उमटतो हे त्याला पाठ, म्हणून अक्षरंही उलटी कोरायचा आणि चेहराही. तीस-एक पिशव्यांत खोकं झिजायचं, की पुन्हा नवं. गल्लीतला जो तो येता-जाता फळीवर उभा राहून जायचा. माणूस मात्र सुकत चालला होता. दाढी करतानाही नजर रस्त्यावर असायची, त्यामुळे गळा त्याच्या हवाली करताना मी देवाचं नाव घ्यायचो.

तर मी फळीवर उभा असताना बस स्टँडवरची तिकीटवाली बाई आत आली. हातात चुरगळलेली पिशवी. तिने सांगितलं, तीन दिवसांपूर्वी असाच एक माणूस दिवसभर तिच्या खिडकीसमोर बसून होता. चेहरा अगदी हाच. तिने पिशवी काढून ताडून पाहिली, पण त्याची खाच डाव्या भुवईत आणि चित्रातली उजवीत. दुसराच कोणी असेल म्हणून ती गप्प राहिली. दिवेलागणीला तो एका लांबच्या गाडीत चढला. कुठल्या, ते तिने पाहिलं नव्हतं. पण तेव्हापासून जिवाला चैन नाही म्हणाली.

छापखान्याची बायको मागच्या दारात उभी होती.

“डावीच,” ती म्हणाली. “भाऊजींची डावीच हो. काय केलंत हे?”

त्याने मला बाजूला सारून फळीखालची पिशवी ओढली. उजवी. मग भिंतीशी रचलेला गठ्ठा उसकटायला लागला. एक पिशवी काढायची, बघायची, टाकायची. जणू एखादी तरी डावीची निघेल. मी त्याचा हात धरला तर मलाच ढकललं. शेवटी पिशव्यांच्या त्या ढिगातच बसला. तिकीटवाली पदराने डोळे पुसत होती, चूक जणू तिचीच.

माझ्या जिभेला हाड नाही. मी विचारलंच, अरे, सख्ख्या भावाची भुवई कशी चुकली?

तो म्हणाला, “काका, अठरा वर्षं त्याचे केस मीच कापले. तो खुर्चीत, मी मागे. मी त्याला आरशातच बघत आलो. घरी गेल्यावर त्याच्या तोंडाकडे कधी नीट बघितलंच नाही.”